राबत्या हातांची नायिका



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या सरांनी या गावाला सिनेमा बघायला शिकवलं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून सोळा मिलिमीटरच्या प्रिंट यायच्या. शाळेच्या हॉलमध्ये पडदा लागायचा आणि सिनेमा संपला तरी सर कुणाला लगेच घरी जाऊ द्यायचे नाहीत. ‘काय आवडलं ते नंतर बोला, आधी काय दिसलं ते सांगा,’ असं ते म्हणत. आज मी त्यांच्या या शिस्तीनंच बोलणार आहे. संयोजकांनी विषय दिला आहे ‘स्मिता पाटील : माझे आवडते चित्रपट’. आवड सांगायची तर विशेषणं पुष्कळ सापडतील. मी मात्र शक्यतो पडद्यावर जे दिसतं तेच सांगेन आणि त्यातून आवडीचं कारण तुमच्यापुढे ठेवेन.

स्मितानं जेमतेम बारा वर्षं काम केलं. तेवढ्यात तिचे ऐंशीच्या आसपास चित्रपट झाले. मराठी आणि हिंदी तर होतेच, शिवाय गुजराती, बंगाली, मल्याळमही होते. मला पुन्हा पुन्हा बघावेसे वाटणारे तिचे चित्रपट एका ओळीत मांडले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्या बहुतेकांत ती कामाला जुंपलेली बाई आहे. ती डेअरीत दूध घालते, कॅमेऱ्यापुढे नाचून घर चालवते, झोपडीतला संसार रेटते, आश्रमाची दप्तरं तपासते, मिरच्या कुटते. आणि सिनेमा कुठल्याही भाषेतला असो, भांडण एकाच गोष्टीवरून पेटतं. बाई राबते, पण तिच्या कामावर, त्यातून येणाऱ्या पैशावर आणि मानावर हक्क कोणाचा? माझं आजचं म्हणणं असं, की हा प्रश्न आपल्या पडद्यावर इतक्या सातत्यानं आणि इतक्या खरेपणानं दुसऱ्या कुठल्याच अभिनेत्रीनं उभा केला नाही.

तिच्याआधी पडद्यावरच्या बायका राबत नव्हत्या असं मी म्हणणार नाही. १९५७ च्या ‘मदर इंडिया’त नर्गिस नांगराला जुंपली गेली. १९६३ च्या ‘बंदिनी’त नूतननं तुरुंगातले दिवस जगून दाखवले. पण त्या चित्रपटांतले कष्ट ही नायिकेच्या सोशिकपणाची परीक्षा होती. त्यातून तावून सुलाखून ती थोर ठरायची होती. स्मिताच्या बाईचं काम रोजचं आहे. सकाळ झाली की ते करायचं असतं, त्याची आरती कुणी ओवाळत नाही आणि तिलाही तशी अपेक्षा नसते. तिला हवी असते ती किंमत, आणि ती ठरवताना आपल्याला विचारलं जावं एवढंच.

हे तिच्यात कुठून आलं? १७ ऑक्टोबर १९५५ ला पुण्यात तिचा जन्म झाला. वडील शिवाजीराव पाटील खानदेशातल्या शिरपूरचे. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले, पुढे राज्यात मंत्री झालेले. आई विद्याताई समाजकार्यात मुरलेल्या. घरावर राष्ट्र सेवा दलाचा संस्कार होता. सेवा दलाच्या शिबिरांत वाढलेल्या मुलांना सतरंज्या अंथरायची, घमेली उचलायची आणि त्याच हातांनी कलापथकात डफ धरायची सवय असे. हाताच्या कामाची लाज नाही आणि त्याचा गवगवाही नाही, हे तिथलं वळण. स्मिताच्या पडद्यावरच्या वावरात मला ते दिसतं. ती पाण्याचा हंडा उचलते तेव्हा हंडा जड असतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढे मराठी बातम्या वाचणारी सावळी, मोठ्या डोळ्यांची एक मुलगी लोकांच्या लक्षात राहू लागली. अरुण खोपकरांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये केलेल्या ‘तीव्र मध्यम’ या लघुपटात ती होती. मग श्याम बेनेगलांनी तिला घेतलं. १९७५ चे ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’, आणि त्यांच्या पाठोपाठ १९७६ चा ‘मंथन’. माझी यादी तिथून सुरू होते.

‘मंथन’ची हकिगत तुम्हाला ठाऊक असेल. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि त्या दहा लाखांत हा चित्रपट उभा राहिला. मूळ कल्पना बेनेगल आणि डॉ. वर्गीस कुरियन यांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. गावात सहकारी दूध संस्था काढायला आलेला जनावरांचा डॉक्टर, दूध कवडीमोलानं उचलणारा मिश्राजी, गावचा सरपंच आणि यांच्यामध्ये बिंदू. स्मितानं तिला एवढं घट्ट त्या मातीत रोवलं आहे, की चित्रीकरणाच्या वेळी गावातल्या बायकांत बसलेली नायिका बाहेरून आलेल्यांना ओळखू येत नसे, असं तिच्याबरोबर काम केलेल्यांनी पुढे सांगितलं.

शहरातला हा भला माणूस, गिरीश कार्नाडांचा डॉक्टर राव, गावात येतो तेव्हा बिंदू त्याच्याशी कशी बोलते ते बघा. ती लाजून आडोशाला होत नाही आणि उपकाराखाली वाकतही नाही. म्हैस तिची, चारा तिनं कापलेला, धार तिनं काढलेली. मग कुणीतरी उपटसुंभ येऊन दुधाचा नमुना का मागतो? दुधाची मालकीण म्हणून ती कमरेवर हात ठेवून जाब विचारते. पुढे तिच्या मनात डॉक्टरविषयी ओढ निर्माण होते, तीही ती शब्दांत आणत नाही. आणि चित्रपटाची खरी जखम तर वेगळीच आहे. मिश्राजी तिच्या नवऱ्याला हाताशी धरतो आणि डॉक्टरवर आळ घेणाऱ्या खोट्या कागदावर बिंदूचा अंगठा उमटवला जातो. ज्या हातानं धार काढली त्याच हाताचा अंगठा दुसऱ्याच्या कामी आला. गावोगावच्या बायकांनी आपल्या जमिनी, आपली घरं याच अंगठ्यापायी गमावलेली आहेत. स्मिता तिथे रडून ओरडून काही करत नाही. तिचा चेहरा बंद होतो. एवढी बोलकी बाई गप्प होते, याचं दुःख प्रेक्षकाला जास्त लागतं. २०२४ साली हा चित्रपट नव्यानं जतन होऊन कान महोत्सवात दाखवला गेला, याचा म्हणूनच मला फार आनंद झाला.

दुसरा चित्रपट १९७७ चा ‘भूमिका’. आधार हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनाचा. आपल्या मराठी बोलपटाची एक थोर नटी स्वतःच्या आयुष्याविषयी इतकं निर्भीडपणे बोलली, ही मराठीतली मोठी घटना होती. बेनेगलांनी त्यावर चित्रपट केला तेव्हा स्मिता एकविशी-बाविशीतली. त्या वयात तिला कोवळ्या मुलीपासून मोठ्या लेकीच्या आईपर्यंतचं आयुष्य उभं करायचं होतं. पहिलं राष्ट्रीय पारितोषिक तिला या भूमिकेनं दिलं.

उषा लहानपणी आजीकडे गाणं शिकते. घरात खायची भ्रांत पडल्यावर केशव दळवी नावाचा घरोब्याचा माणूस तिला मुंबईच्या स्टुडिओत नेतो. अमोल पालेकरांनी हा केशव असा रंगवला आहे, की तो कुठेही राक्षस वाटत नाही. तो नेहमी व्यवहाराचंच बोलतो. तिच्याशी लग्न करतो आणि तिचे करार स्वतः करू लागतो. उषाला संसार करायचा आहे, सिनेमा सोडायचा आहे. केशव पुढचा करार घेऊन आलेला असतो. पोर, सासर-माहेर, भाडं, सगळं तिच्या नाचण्यावर चाललं आहे. ती मिळवती आहे, पण कमाईवर सही त्याची.

एक नट म्हणून स्मितानं इथे काय केलं, ते जरा जवळून बघू. चित्रपटात तिला चित्रपटातलीच कामं करायची आहेत : तमाशातलं नाचणं, पौराणिक नाटकीपणा, त्या त्या काळातला अभिनय. कॅमेरा चालू असताना तिच्या अंगात लय भिनलेली असते, ओठांवर सरावाचं हसू असतं. ‘कट’ झालं की ते हसू उतरतं आणि खांदे खाली येतात. हसू ठेवायची आणि उतरवायची ही जागा ती पुन्हा पुन्हा दाखवते. पाळी संपल्यावर यंत्रापासून बाजूला झालेल्या गिरणी कामगाराच्या अंगात जो शीण असतो, तोच तिच्या अंगात आहे. नटीचं काम ही मजुरी आहे, हे इतक्या साधेपणानं पडद्यावर क्वचितच आलं असेल.

आणि मग विनायक काळ्यांचा वाडा येतो. अमरीश पुरींचा काळे तिला सगळं देतो. दागिने, लुगडी, मान, अंथरुणाला खिळलेल्या बायकोच्या घरात दुसऱ्या बाईची जागा. तिला प्रथम बरं वाटतं, कारण नाचायला नको, करार नकोत. एके दिवशी ती घरातल्या मुलाला घेऊन जत्रेला निघते आणि दारातच अडवली जाते. या घरातल्या बायका बाहेर जात नाहीत. काम नकोसं झालेली बाई काम सुटल्यावर कैदी झाली. तिथून सुटायला तिला पुन्हा केशवलाच बोलवावं लागतं. निघताना अंथरुणावरची ती थोरली बायको तिला जे ऐकवते त्याचा मथितार्थ असा, की पुरुष बदलले तरी बाईची परिस्थिती तीच राहते. स्मिता हे ऐकते. नुसती ऐकते. माझ्या मते ऐकणं हा तिच्या अभिनयाचा सर्वांत मोठा गुण. समोरचा बोलत असताना तिचे डोळे उत्तर तयार करत नाहीत, ते बोलणं आत जाऊ देतात. चित्रपटाच्या शेवटी हॉटेलच्या खोलीत ती एकटी आहे. फोनवर राजन आहे, तिच्यावर जीव असलेला माणूस. ती उत्तर देत नाही. आता कुणाच्या आधारानं जगायचं, हा प्रश्नच तिला नको झालेला असतो.

त्याच वर्षीचा ‘जैत रे जैत’ मी यादीतून गाळू शकत नाही, कारण तो आपल्या डोंगराचा चित्रपट आहे. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गीतं आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ठाकरवाडीतली चिंधी नवऱ्याला सोडून आलेली, आपल्या मनानं नाग्याला निवडणारी. लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणी माशीचा सूड घ्यायला निघालेल्या नाग्याच्या बरोबरीनं ती उभी राहते आणि त्यात जीव देते. शहरी नटीनं आदिवासी बाईचं सोंग घेतलं की बहुधा लुगडं तेवढं आदिवासी असतं. स्मिताची चिंधी चढणीवर कशी चालते ते बघा. टाच न टेकता, पुढच्या पावलावर भार देत, धापा न टाकता. डोंगर रोज चढणाऱ्या बाईची ती चाल आहे.

‘चक्र’विषयी मला जास्त गंभीरपणे बोललं पाहिजे. जयवंत दळवींची कादंबरी आणि रवींद्र धर्मराज यांचं दिग्दर्शन. १९८१ साली लोकार्नो महोत्सवाचा सुवर्ण बिबट्या या चित्रपटाला मिळाला आणि स्मिताला दुसरं राष्ट्रीय पारितोषिक. मुंबईतल्या झोपडपट्टीतली अम्मा, तिचा वयात येणारा मुलगा बेनवा, ट्रक चालवणारा अण्णा, आणि बाहेरख्याली लुक्का. अम्माजवळ भिंतीही धड नाहीत. जेवण, न्हाणं, भांडण, प्रेम, सगळं चारचौघांत. त्यातही ती सकाळी उठून घर उभं करते आणि शेवटी झोपड्या पाडणारं यंत्र येऊन ते भुईसपाट करतं.

या चित्रपटात अम्मा उघड्यावर अंघोळ करते असं एक दृश्य आहे. झोपडपट्टीतली लाखो बायामाणसं तेव्हा तशीच अंघोळ करत होती. दृश्यात लालसा नाही, घाई आहे. पाणी संपायच्या आत उरकायचं असतं. पण चित्रपट विकायला निघालेल्यांनी नेमकं तेच दृश्य मोठ्या फलकांवर चढवलं. स्मिताला ते मनापासून खटकलं आणि तिनं ते बोलूनही दाखवलं. चित्रपट पाहिलेला माणूस त्या दृश्याकडे एक तऱ्हेनं बघतो आणि रस्त्यातून फलक बघत जाणारा दुसऱ्या तऱ्हेनं. अम्माला आडोसा नाही, हे दुःख सांगणाऱ्या चित्रपटानं तिला जो थोडाफार आडोसा दिला होता तो जाहिरातीनं ओढून काढला. इथे उषाच्या करारावर सही करणारा केशव दळवी आठवतो. नटीनं काय केलं आणि त्याचं काय विकलं गेलं, यावर तिचा ताबा किती? स्मिताच्या भूमिकांनी विचारलेला प्रश्न तिच्या स्वतःच्या वाट्याला असा आला.

तिला या प्रश्नाची जाण होती, याचा पुरावा म्हणजे १९८० चा मृणाल सेन यांचा बंगाली चित्रपट ‘आकालेर सन्धाने’. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट काढायला कोलकात्याहून एक चमू खेड्यात येतो. त्या चमूतली नटी आहे स्मिता. भूमिकेचं नावही स्मिताच. मुंबईहून आलेली नामवंत अभिनेत्री दुष्काळातली उपाशी बाई उभी करणार, आणि बाजूला गावातली दुर्गा नावाची खरीखुरी गरीब बाई चित्रीकरण बघत उभी. एका दृश्यात तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतणार असतं, तेव्हा बघणाऱ्यांच्या गर्दीतून दुर्गाची किंकाळी उठते. तिला तो अभिनय वाटत नाही. तो दुष्काळ तिच्या घरात अजून आहे. गरिबी वठवून दाखवण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळाला, असं विचारणारा हा चित्रपट बर्लिनमध्ये रौप्य अस्वलाचा मानकरी ठरला. स्मितानं त्यात स्वतःचं नाव, स्वतःचा पेशा आणि स्वतःचा चेहरा तपासणीसाठी पुढे केला. काही टीकाकार म्हणतात, मंत्र्याच्या मुलीनं झोपडपट्टी आणि डोंगरपाडे वठवले, त्यात काय मोठं? त्यांना मी हा चित्रपट बघायला सांगते. हा आक्षेप तिनं त्यांच्या आधीच पडद्यावर मांडून ठेवला आहे.

आता माझ्या सर्वांत जिव्हाळ्याच्या चित्रपटाकडे येते. १९८२ चा ‘उंबरठा’. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. हाच चित्रपट ‘सुबह’ नावानं हिंदीतही झाला. सुलभा महाजन चांगल्या खात्यापित्या घरातली सून आहे. नवरा वकील, समजूतदार वाटणारा. सासूबाई स्वतः समाजसेवेतल्या. छोटी मुलगी आहे, तिला जीव लावणारी जाऊ आहे. या घरात कशाला तोटा नाही. तिनं समाजकार्याचं शिक्षण घेतलं आहे आणि तिला त्याचं काम करायचं आहे. दूरच्या संगमवाडीतल्या महिलाश्रमाच्या अधीक्षिकेची नेमणूक आल्यावर ती निघते. आपल्याकडे घर सोडणाऱ्या बाईला काही तरी मोठं कारण लागतं. नवरा दारुडा पाहिजे, सासू छळणारी पाहिजे. सुलभाकडे असं कारण नाही. ती कामासाठी जाते. १९८२ साली मराठी प्रेक्षकाला हेच पचायला जड गेलं आणि आजही काही घरांत ते जडच जातं.

आश्रमातली स्मिता बघा. डोळ्यांना जाड काडीचा चष्मा, सुती साडी, मागे बांधलेले केस. ती टेबलाशी बसून नोंदवह्या तपासते, कोठीतल्या मालाचा हिशेब मागते, कुलपाच्या किल्ल्यांची चौकशी करते. हिंदी-मराठी पडद्यावर याआधी कार्यालयात बसलेली नायिका असली तरी ती गाणं सुरू होईपर्यंतच तिथे बसलेली असे. सुलभा खरोखरच कारभार करते. ती कडक आहे, काही वेळा चिडते, आश्रमातल्या बायकांना तिची भीती वाटते. मग हळूहळू या टाकलेल्या, पळून आलेल्या, फसलेल्या बायका तिच्यापाशी बोलू लागतात. ती चष्म्यावरून एकेकीकडे बघते, आणि पुन्हा ते ऐकणं. समोर व्यवस्थापन समिती आहे. समितीला बायकांचं भलं झालेलं हवं आहे, फक्त तक्रार नको आहे. मुलींवर नजर ठेवणारे पुढारी आहेत. आश्रमात जे घडतं त्याची चौकशी शेवटी सुलभावरच उलटते. एकमेकींवर जीव असलेल्या दोन बायकाही तिथे आहेत. मराठी चित्रपटानं त्या काळात या विषयाला हात घातला, याचीही नोंद घेतली पाहिजे.

ती राजीनामा देऊन घरी येते. आपण सगळे खुर्चीत सावरून बसतो, की आता घर तिला पोटाशी धरेल. मुलगी परकी झालेली असते. नवरा शांतपणे सांगतो, की त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. सुलभानं घरात राहायला त्याची ना नाही. गिरीश कार्नाड हे वाक्य असं बोलतात, की त्यात कुठेही कठोरपणा नाही, आणि म्हणून ते जास्त कठोर आहे. ती पुन्हा घर सोडते. आगगाडीच्या डब्यात बसलेल्या स्मिताच्या चेहऱ्यावर या वेळी काय आहे? विजय नाही, पश्चात्तापही नाही. पुढचं काम कुठे मिळेल याचा विचार आहे. हे मी ठामपणे म्हणते, कारण कामाच्या शोधात गाव सोडलेल्या कितीतरी बायकांचे चेहरे मी एस.टी.च्या खिडकीत पाहिले आहेत. ज्या काळात मुलगी नोकरीला लागली तर ‘घरी अडचण आहे का?’ असं विचारलं जाई, त्या काळात सुलभानं अडचण नसताना नोकरी केली. आमच्या पिढीतल्या कित्येक जणींना घरी ‘मला जायचंय’ असं म्हणण्याचं बळ या चित्रपटानं दिलं. ते ऋण मी आज उघडपणे मान्य करते.

मधल्या काळात तिनं मोठ्या बॅनरचे हिंदी चित्रपटही केले. ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ हे १९८२ चेच. त्यांविषयी मी थोडक्यात बोलते, कारण त्यांत तिला करण्यासारखं कमी होतं. पण त्यांनी एक घडवलं. ज्या प्रेक्षकापर्यंत समांतर चित्रपट पोचत नव्हता, तो तिच्या नावानं ‘अर्थ’, ‘बाजार’, ‘मंडी’ बघायला आला. सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’त ती ओम पुरींच्या दुखीची बायको झुरिया झाली. भूमिका छोटीच, पण ब्राह्मणाच्या दारात पावसात तिनं केलेला आकांत एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. १९८५ साली तिला पद्मश्री मिळाली, तेव्हा ती तिशीतही पुरती आली नव्हती.

यादीतला शेवटचा चित्रपट केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’. चुनीलाल मडिया यांच्या गुजराती कथेवर बेतलेला. स्वातंत्र्यापूर्वीचं खेडं, वसुलीला आलेला सुभेदार, त्याच्या पुढे वाकलेला मुखी. सुरुवातीलाच नदीकाठी घोडेस्वार येतात आणि पाण्याला आलेल्या बायका घागरी टाकून पळतात. सोनबाई पळत नाही. जनावरं तिकडे पाणी पितात, माणसं इथे, असं ती सुभेदाराला सुनावते. मग नसीरुद्दीन शाहचा सुभेदार तिच्यापुढे वाकून ओंजळ धरतो आणि ती वरून पाण्याची धार सोडते. धार सोडतानाचं स्मिताचं अंग बघा. पाठ ताठ, मान किंचित कललेली, डोळे खाली न झुकलेले. ती उद्धटपणा करत नाही. तहानेल्याला पाणी द्यायचं ते ती देते, पण वाकायचं ते त्यानं. सगळा चित्रपट या एका धारेत आहे.

पुढे तो तिच्यावर हात टाकू बघतो, ती थोबाडीत मारते आणि पळत मसाल्याच्या कारखान्यात शिरते. म्हातारा रखवालदार अबू मियाँ, म्हणजे ओम पुरी, ते प्रचंड दार लावून घेतो. बाहेर सुभेदाराची फौज, आत मिरच्या कुटणाऱ्या बायका. गावाचं भलं म्हणून तिला बाहेर काढा, असं मुखी, कारखान्याचा मालक, गावातले शहाणेसुरते, सगळे म्हणतात. आतल्या बायकांतही फूट पडते. काही जणी तिलाच दोष देतात. गावातले पुरुष हार मानतात तेव्हा मुखीची बायको सरस्वती, म्हणजे दीप्ती नवल, थाळ्या बडवत बायकांना रस्त्यावर आणते. अखेर दार फुटतं, अबू मियाँ मरतो, सुभेदार आत येतो. आणि ज्या बायका इतका वेळ भेदरून बसलेल्या असतात त्या कुटलेलं लाल तिखट त्याच्या डोळ्यांत भिरकावतात. सोनबाई हातात विळा घेऊन उभी आहे. चित्र तिथेच थांबतं.

हा चित्रपट आम्ही एकदा तालुक्याच्या गावात बचत गटाच्या बायकांना दाखवला. त्यांतल्या निम्म्याअधिक कांडपावर जाणाऱ्या होत्या. उन्हाळ्यात मिरच्यांची देठं खुडून, डंखावर कुटून, चाळून देणाऱ्या. शेवटच्या दृश्याला टाळ्या पडतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या हसल्या. मोकळ्या, मोठ्यानं हसल्या. नंतर बोलायला सांगितलं तेव्हा एक जण म्हणाली, ‘आमच्या हाताची आग रात्री पोराला जवळ घेऊ देत नाही, ती त्याला अर्धा मिनिट झाली तर केवढा ओरडला!’ सरांची शिस्त तिला कुणी शिकवली नव्हती. तिनं जे दिसलं ते सांगितलं. दुसऱ्याच्या जेवणाला चव यावी म्हणून ज्या तिखटानं या बायका रोज स्वतः भाजतात, त्याच तिखटानं त्या स्वतःला वाचवतात. बाहेरून शस्त्र आणावं लागत नाही. कामाची वस्तू, कामाची जागा आणि कामाच्या सोबतिणी त्यांना पुरतात. ‘मंथन’मध्ये ज्या हाताचा अंगठा दुसऱ्यानं उचलून वापरला, तो हात इथे स्वतःच्या मर्जीनं उठतो. दोन्ही चित्रपटांत दहा-अकरा वर्षांचं अंतर आहे आणि दोन्हींतला हात स्मिताचा आहे. म्हणून ही माझी यादी नुसती आवडीनिवडीची राहत नाही, तिला एक दिशा आहे.

‘मिर्च मसाला’ १९८७ साली लोकांसमोर आला तेव्हा ती नव्हती. १३ डिसेंबर १९८६ ला मुंबईत, मुलाच्या जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, बाळंतपणानंतरच्या आजारानं ती गेली. वय ३१. तिनं पुढे काय केलं असतं याच्या कल्पना रंगवण्यात मला रस नाही. जे केलं तेच आपल्याला पुरतं समजलेलं नाही. तिच्या निधनाच्या दुःखानं आपण तिचा चेहरा फार लवकर चौकटीत घालून हार चढवला. डोळे, सावळा रंग, करुणा, एवढंच बोलत राहिलो. त्या चेहऱ्याखाली दोन राबते हात होते, त्यांच्याकडे बघायचं राहून गेलं.

मित्रहो, आजही शेतात, कांडपावर, बांधकामावर, दवाखान्यात, शाळेत बाई राबते आणि तिच्या मजुरीचा, तिच्या वेळेचा निर्णय बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या सहीनं होतो. म्हणून हे चित्रपट जुने झालेले नाहीत. ‘मंथन’ नव्यानं जतन झाला तसे ‘उंबरठा’ आणि ‘जैत रे जैत’ही उत्तम अवस्थेत पुढच्या पिढीच्या हाती पडले पाहिजेत, आणि ही मागणी मराठी रसिकांनी लावून धरली पाहिजे. आपल्या मंडळाला माझी एक विनंती आहे. यंदाच्या वर्षी स्मिताचे हे चित्रपट सभागृहात दाखवाच, पण त्याचबरोबर बचत गटांत, आश्रमशाळांत, दूध संस्थांच्या आवारातही दाखवा. पडदा मी उभारून देईन, खुर्च्याही लावीन. ज्यांच्याविषयी हे चित्रपट आहेत त्यांनी ते बघितले आणि त्यांना काय दिसलं ते मोकळेपणानं सांगितलं, तर सरांच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेचं सार्थक झालं असं मी समजेन.